नागली इथली, मग पाकीट बाहेरचं का?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर पावसाळ्यात नागली (नाचणी), वरई, उडीद, खुरासणी पिकते. त्याच पाड्यांवरच्या लेकरांच्या पोषणासाठी मात्र आपण तालुक्याबाहेरच्या कारखान्यातून येणाऱ्या तयार आहाराच्या पाकिटाकडे बघत बसतो. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून योजनांची नावं किती बदलली! पण लेकराच्या वाटीतलं धान्य कुणाच्या शेतातून यावं, हा प्रश्न आपण धड विचारलेलाच नाही. आहाराच्या क्षेत्रात काम करणारी बाई म्हणून मला याचा राग येतो.

आधी एक गल्लत दूर करते. सहा महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी आहे, ते अतितीव्र कुपोषित मूल. ते नुसत्या नागलीच्या लाडवाने बरं होईल असं कुणी सांगत असेल तर कृपा करून ऐकू नका. त्याला उपचाराचा आहार लागतो, औषधासारखा मोजून दिलेला. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी. त्यात पाणी जवळजवळ नसतं म्हणून जंतू वाढत नाहीत, आणि शिजवायचीही गरज नाही. हा आहार पहिल्यांदा फ्रान्समध्ये तयार झाला हे खरं, पण तो परदेशातूनच आणावा लागतो असं मुळीच नाही. आफ्रिकेतल्या मलावीत तो तिथल्याच शेंगदाण्यापासून बनवला गेला. आपल्या मुंबईत सायन रुग्णालयानेही तो स्वतः बनवून मुलांना दिला. मेळघाटात ‘महान’ संस्थेने स्थानिक उपचार-आहार घरच्या घरी देऊन काम केलं आहे.

यात खरी अडचण आहे ती शेंगदाण्यावरच्या बुरशीची. दाणा ओलसर राहिला की त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते भाजूनही पुरतं जात नाही. म्हणून प्रत्येक खेप तपासायलाच हवी. स्थानिक म्हणजे आपोआप शुद्ध, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण अशी मुलं थोडी. त्या उंबरठ्यावर उभी असलेली कितीतरी जास्त. त्यांना हवा पूरक आहार, आणि तिथे नागलीला तोड नाही. १०० ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मोड. सात-आठ महिन्यांच्या बाळाचं पोट एवढंसं. दाट पेज त्याला गिळवत नाही, आणि पातळ केली तर पोट पाण्यानेच भरतं. नागली भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की त्यात स्टार्च फोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. असं पीठ चमचाभर दाट गरम पेजेत घातलं की पेज पातळ होते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. मोडांमुळे लोह शोषायला आड येणारं फायटेट नावाचं द्रव्यही कमी होतं. मोडाची नागली उन्हात वाळवायची, जेमतेम गरम करायची. खरपूस भाजली तर विकर मरतं. आपल्या आज्या बाळांना मोडाच्या नागलीचं करून घालत होत्या, ते काही उगाच नाही.

आणखी एक. दिवाळीनंतर या पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. अंगणवाडीतला गरम ताजा आहार त्यांच्या मागे जात नाही. मोडाच्या नागलीचं, भाजलेल्या डाळीचं, शेंगदाण्याचं कोरडं पीठ गाठोड्यात बांधून नेता येतं. हे पीठ तालुक्यातल्याच बायकांनी का करू नये?

करू शकतात. केरळात कुटुंबश्री या सरकारी योजनेतल्या बचतगटांच्या बायका अंगणवाड्यांसाठी ‘अमृतम’ पीठ बनवतात. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्यांसाठी मिलेट मिशन सुरू केलं, शेतकऱ्यांकडून नाचणी विकत घेतली आणि केओंझर, सुंदरगडच्या अंगणवाड्यांत तिचे लाडू दिले. आपल्याकडे? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, बचतगट, महिला मंडळं यांना काम द्या. आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्राची पोषण आहाराची निविदा रद्द करावी लागली. अटीच अशा होत्या की लहान बचतगटांना दारातच शिरता येऊ नये.

बचतगटांना जमत नाही, दर्जा राहत नाही, हे वाक्य मी बैठकांमध्ये ऐकत आले आहे. दर्जा कसा राहणार? त्यांना ना चक्की, ना वाळवायला पत्र्याची शेड, ना तपासणीची सोय, आणि बिलं महिनोन्महिने अडकलेली. उधारीवर शेंगदाणे आणणाऱ्या बाईकडून कारखान्याच्या दर्जाची अपेक्षा करायची आणि तिला कारखान्याच्या सोयींचा दहावा हिस्साही द्यायचा नाही, हा सरळ अन्याय आहे.

२०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये आहे. त्या भावाने जव्हार, मोखाडा, विक्रमगडमध्येच सरकारने नागली विकत घ्यावी, मोडाचं पीठ करायचं काम तिथल्या गटांना द्यावं, बिल महिन्याच्या आत चुकतं करावं आणि प्रत्येक खेपेचा नमुना तपासून त्याचा निकाल अंगणवाडीच्या भिंतीवर लावावा. उपचाराचा आहार जिल्हा पातळीवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बनवावा. पालघर जिल्हा परिषदेच्या सदस्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर पुढच्या सभेत हा विषय घ्या. आकडेमोड करून द्यायला मी येईन.