नॉब बारावर, बारा स्पीकरचे

जुन्या बास ॲम्पच्या, म्हणजे बास गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, पॅनेलवर जे लिहिलंय ते वाचलं की ॲम्प कळला, असं समजणारा माणूस मला फार भोळा वाटतो. मुळात ते वाचताच येत नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, फेंडर कंपनीच्या बासमन ॲम्पचं पॅनेल असतं माथ्यावर, तेही मागच्या कडेला, आणि अक्षरं मागून वाचायची. ॲम्पच्या पाठीशी उभं राहून वाजवणाऱ्याची ती सोय. आपण समोर उभे, म्हणजे प्रत्येक अक्षर शीर्षासनात. मान वाकडी करून पाहावं तर आकडे दहावर थांबत नाहीत, बारापर्यंत जातात. बारावर काय होतं? स्पीकरचे बारा वाजतात, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

पहिलं कोडं केबल कुठे खुपसायची याचं. जॅक, म्हणजे केबलची भोकं, चार: दोन ‘ब्राइट’, दोन ‘नॉर्मल’, आणि प्रत्येक जोडीत १ आणि २. १ नंबर पूर्ण जोराचा. २ नंबरला आत ६८ किलोओमचे दोन रेझिस्टर मिळून सिग्नल निम्मा करतात, म्हणजे ६ डेसिबल कमी. बरं, दोन्हींत एकदम केबल घातल्या तर दोन्ही निम्मे, पक्षपात नाही. पण २ नंबरचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) साधारण १३६ किलोओम आहे आणि १ नंबरचा १ मेगओम. त्यामुळे बॅटरी नसलेला साधा बास २ मध्ये लावला की आवाज नुसता लहान होत नाही, मंदही होतो, आणि मग लोक तारांना दोष देत नव्या तारा आणतात. बॅटरीवाला ॲक्टिव्ह बास असेल तर २ नंबर बिनधास्त वापरावा. तो तगडा सिग्नल १ मध्ये घातला तर पहिली ट्यूब, म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची नळी, लगेच चिरकते.

व्हॉल्यूमचा नॉब हा सगळ्यांत मोठा थापाड्या. सहावर ठेवला म्हणजे निम्मा आवाज झाला, अशी समजूत करून घेऊ नये. बहुतेक सगळा आवाज चारपर्यंतच येऊन जातो. पुढे वाढतो तो गुरगुराट. मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे एकूण आवाजाचा वेगळा नॉब, ही वस्तूच नाही, त्यामुळे ‘गुरगुराट हवा पण हळू’ ही मागणी मान्य होत नाही. त्यात ब्राइट चॅनेलच्या व्हॉल्यूमवर १०० पिकोफॅरडचा एक चिमुकला कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बसवलेला असतो. नॉब खाली असताना तो तीव्र स्वर पुढे ढकलतो आणि नॉब पूर्ण उघडला की त्याला कामच उरत नाही. म्हणजे ब्राइट चॅनेल सर्वांत ब्राइट केव्हा? हळू वाजवताना.

आता टोनचे तीन नॉब: मिडल, बास, ट्रेबल. आजच्या ॲम्पमध्ये नॉब मध्यावर ठेवले की आवाज सपाट, उजवीकडे वाढ, डावीकडे घट. इथे तसं काही नाही. हे तिन्ही नॉब पॅसिव्ह आहेत, वाढवू काहीच शकत नाहीत, नुसते कमी-जास्त कापतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तिन्ही शून्यावर नेऊन पाहा: ॲम्प जवळजवळ मुका होतो. लोक घाबरून फ्यूज तपासतात. फ्यूज ठणठणीत असतो, सिग्नल जमिनीत गेलेला असतो.

शिवाय तिघांचं एकत्र कुटुंब. एकाला हलवलं की दुसऱ्याचा चेहरा बदलतो. ट्रेबलचा नॉब खरं तर तराजू आहे, एका पारड्यात तीव्र स्वर, दुसऱ्यात बाकी सगळे. ट्रेबल वर नेला की खर्ज आपोआप बारीक होतो आणि दोष बासच्या नॉबला लागतो. तो बिचारा पहिल्या निम्म्या फेरीतच आपलं बहुतेक काम उरकून बसलेला असतो, पुढे कितीही पिळा. सगळे मध्यावर ठेवले तर मधल्या स्वरांत चांगला खड्डा पडतो, आणि बास गिटार ऐकू येते ती नेमकी त्याच मधल्या स्वरांतून. सपाटीच्या जवळ जायचं असेल तर मिडल पूर्ण उघडा, बास आणि ट्रेबल दोनच्या आसपास ठेवा. दिसायला हे सेटिंग चुकल्यासारखं दिसतं. कान लावून ऐका.

बासचा नॉब कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. खोक्याची पाठ उघडी, आत दहा इंची चार जुने स्पीकर, आणि बासची खालची ई तार ४१ हर्ट्झची. खर्ज रेटला की स्पीकरचे कागदी कोन (पडदे) इतके पुढेमागे धावतात की सुराऐवजी फडफड ऐकू येते. गंमत अशी, की बाससाठी बनवलेला हा ॲम्प गिटारवाल्यांनीच उचलून धरला, आणि मार्शल या ब्रिटिश कंपनीने आपला पहिला ॲम्प त्याच्याच सर्किटवरून बेतला.

बासमनवरचा प्रेझेन्स नावाचा, तीव्र स्वर उचलणारा नॉब टोनच्या कुटुंबातला नाही. तो पॉवर ॲम्पच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या भागाच्या, फीडबॅकमध्ये बसतो. बाससाठी खालीच बरा.

१९६९च्या, अँपेग कंपनीच्या एसव्हीटी या बास ॲम्पची तऱ्हा निराळी. तीनशे वॉट, चौदा ट्यूब, आणि एक ‘अल्ट्रा लो’ नावाचा स्विच. नाव ऐकून वाटतं, भिंती हलतील. प्रत्यक्षात तो मधले स्वर भरपूर कापतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! खोलीत एकट्याने वाजवताना फार गोड वाटतं, ड्रम सुरू झाले की बास गायब. त्याऐवजी मिडरेंजचा तीन टप्प्यांचा स्विच शिकावा: २२०, ८०० आणि ३००० हर्ट्झ. ऐकू येत नाही अशी तक्रार असेल तर ८०० वर ठेवून मिडरेंजचा नॉब थोडा वर. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

विजेची बाजू मात्र विनोदाची नाही. जुन्या ॲम्पचा ग्राउंड स्विच दोन्हीकडे फिरवून जिकडे घरघर कमी तिकडे ठेवायचा, अशी जुनी रीत आहे. त्या स्विचच्या मागचा कॅपॅसिटर मेन्सच्या तारेला चॅसिसशी, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी, जोडतो. तो शॉर्ट झाला की बासच्या तारा हातात आणि ओठ माइकला, अशा स्थितीत जोराचा झटका बसतो. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगवाली तीन पिनांची लावून घ्यावी आणि तो कॅपॅसिटर काढून टाकावा, आणि हे काम तंत्रज्ञानेच करावं. आत चारशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कॅपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात.

स्पीकरचे जॅक दोन. मुख्य जॅक रिकामा असेल तर फेंडर त्याला आतून शॉर्ट करतो, म्हणजे बिनस्पीकरचा ट्रान्सफॉर्मर जळू नये. त्यामुळे केबल फक्त ‘एक्स्टेन्शन’मध्ये घातली की दिवा लागतो, ट्यूब तापतात, आवाज शून्य. आणि तो चार स्पीकरवाला बासमन २ ओमचा आहे, आठ-आठ ओमचे चार स्पीकर समांतर जोडलेले. त्याला एकटी ८ ओमची स्पीकरपेटी लावू नये. केबलही स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक केबल तिथे लावली तर ती तापते, आणि मध्येच तुटली तर ट्रान्सफॉर्मरवर बेतते.

राहिली नॉबची खरखर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. तरीही खरखर तशीच राहिली, तर धूळ निर्दोष आहे. बहुधा कुठला तरी म्हातारा कपलिंग कॅपॅसिटर (दोन टप्प्यांमध्ये बसून फक्त सूर पुढे जाऊ देणारा) डीसी, म्हणजे एकदिश वीज, गळू देतोय. क्लीनरचा दुसरा डबा आणू नका, कॅपॅसिटर बदलून घ्या.