फेटाळलेला दावा म्हणजे खोटा दावा नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वनहक्क दाव्यांवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. (वनहक्क दावा म्हणजे 2006च्या वनहक्क कायद्याखाली वनजमीन कसणाऱ्यांनी त्या जमिनीच्या हक्कासाठी केलेला अर्ज.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इतके दावे नामंजूर झाले ते खोटे होते म्हणूनच, 2005चं उपग्रहचित्र समोर असताना म्हाताऱ्यांच्या जबाबाला किंमत काय द्यायची, आणि कायदा सगळ्यांना सारखाच, मग अन्याय कुठला?

आधी जे पटतं ते. 13 डिसेंबर 2005 ही कायद्याने ठरवलेली मुदतीची तारीख; तिच्यानंतर झाडं तोडून काढलेले प्लॉट आहेत आणि ते नामंजूरच व्हायला हवेत. पण नामंजुरीच्या गठ्ठ्यात असे दावे किती आणि पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यांचे किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ते कळायला आदेशात कारण लिहिलेलं लागतं. पुष्कळ आदेशांत 'पुरावा अपुरा' एवढाच शेरा असतो. वनहक्क कायद्याच्या 2012च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेची शिफारस डावलताना दावा तपासणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीने कारणांसह आदेश द्यायचा असतो. तो दिला नसेल तर दावा खोटा ठरला असं कसं म्हणायचं?

आता उपग्रहचित्र. त्या काळातल्या रिसोर्ससॅट-1 या भारतीय उपग्रहाच्या लिस-3 कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे साधारण 550 चौरस मीटर. वीस गुंठ्यांचा प्लॉट सुमारे 2,000 चौरस मीटर. अख्खं शेत चार ठिपक्यांत बसतं आणि कडेच्या ठिपक्यांत शेजारची झाडंही मिसळतात. त्याच उपग्रहाच्या लिस-4 कॅमेऱ्याचा ठिपका 5.8 मीटरचा, तो बरा. पण चित्र कुठल्या महिन्यातलं, हे कोणी विचारत नाही. रायगडातल्या दळीवर (डोंगरउतारावरची फिरत्या शेतीची वनजमीन) ठाकूर-कातकरी एका वर्षी नागली, पुढच्या वर्षी वरी, मग खुरासणी किंवा तीळ घेतात आणि नंतर जमीन काही वर्षं पड टाकतात. नागलीची कापणी दिवाळीच्या आगेमागे आटोपते. फेब्रुवारीच्या चित्रात ते शेत आणि वाळलेल्या गवताचा माळ सारखाच दिसतो. पडीचं वर्ष असेल तर झुडपं दिसतात, आणि शेरा पडतो : 'लागवड आढळत नाही'.

सातबारा असलेल्या शेतकऱ्याने दोन वर्षं रान पड ठेवलं तर त्याची मालकी जात नाही. दळीवाल्याचा मात्र दावाच जातो. तुम्ही विचारलेला अन्याय इथे आहे.

तेच 2012चे नियम सांगतात की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरावं, त्यांच्या जागी नाही. आणि एखादाच ठरावीक कागद आणा असा हट्ट समितीने धरू नये. नियम 13 एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायला सांगतो. त्यात वनखात्याच्या दंडाच्या पावत्या येतात, तसे बांध, विहीर, घर, दफनभूमीही येतात. जागेवर गेलं की बांध किती जुना ते तोच बोलतो : खालच्या थरातल्या दगडांवर शेवाळ धरलेलं, मधूनच सागाचं खोड वर आलेलं. त्या खोडाचा घेर मोजून, फोटोसह पंचनाम्यात लिहावा. जबाबाचं म्हणाल तर तो दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लागतो. वाडीतल्या सगळ्यांचे जबाब एकाच छापील मजकुरावर घेतले की ते कमकुवत पडतात. कुठल्या नाल्यापासून कुठल्या झाडापर्यंत, कोण कसत होतं, काय पिकत होतं, हे त्या माणसाच्या शब्दांत उतरवलं पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाचाही दाखला तुम्ही दिलात. दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून बेदखल करण्याचा 13 फेब्रुवारी 2019चा आदेश खरा आहे. मात्र 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली का, हे राज्यांना विचारलं. महाराष्ट्रातल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांत मे 2020मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय झाली. आधीची प्रक्रिया निर्दोष असती तर ही पायरी लागली नसती, असं आमचं मत आहे.

पट्टा (हक्काचा दाखला) मिळाला की जमीन विकतील, ही भीती निराधार आहे. हा हक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर पट्टा नवराबायको दोघांच्या नावे होतो.

ज्यांचा दावा फेटाळला आहे असे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी आधी आदेशाची प्रत मागावी; मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा. निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा असतो, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी चिकटवणं पुरत नाही. उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीकडच्या अपिलाचे 60 दिवस निर्णय कळवल्याच्या तारखेपासून धरतात, आणि समितीला वाटल्यास आणखी 30 दिवस मिळू शकतात. म्हणून प्रत हातात पडली की त्यावर त्या दिवसाची तारीख घालावी, आणि अपील दिल्यावर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.