एका हंगामाची लीग काढू इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या मालकीची दोन-तीन खंडांत वर्तमानपत्रे असतील, टीव्ही वाहिन्या असतील आणि तरीही काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत असेल, तर आपण एखादी चालती व्यावसायिक लीग फोडून पाहावी. नवशिक्यांनी त्यासाठी ऑस्ट्रेलियातील ‘सुपर लीग’ या फुटीर रग्बी लीग स्पर्धेचा नमुना पुढे ठेवावा, असे मी सुचवीन. ती 1997 मध्ये एकच हंगाम चालल्यामुळे अभ्यासाला फार सोयीची आहे.

खेळ निवडताना मुळातच भांडणातून जन्मलेला निवडावा. रग्बी लीग यासाठी उत्तम आहे. यात तेरा-तेरा खेळाडूंचे दोन संघ असतात, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या बाजूला सहा वेळा लोळवले की चेंडू समोरच्यांकडे जातो. गिरण्या-खाणींत राबणाऱ्या खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करू द्यायला जुन्या रग्बीचे कारभारी तयार नव्हते, म्हणून उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी 1895 मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून वेगळी चूल मांडली. ती चूल 1908 मध्ये सिडनीत पोहोचली. ज्या घराण्याचा मूळपुरुषच घर सोडून निघालेला, त्याच घराण्यातील वडीलधाऱ्यांनी शंभर वर्षांनी फुटीरांच्या नावाने बोटे मोडावीत, याची मौज आपल्याला फुकट मिळते.

कारण मात्र नेहमी ‘खेळाचा विकास’ हेच सांगावे. खरे कारण रस्त्याकडेला दिसत असले तरी त्याचा उल्लेख टाळावा. 1995 च्या सुमारास ऑस्ट्रेलियन शहरांतून पैसे भरून पाहायच्या टीव्हीच्या दोन प्रतिस्पर्धी केबली एकाच गल्लीतून ओढल्या जात होत्या: ऑप्टस या दूरसंचार कंपनीची बरीचशी खांबांवरून, तिच्या प्रतिस्पर्धी टेल्स्ट्राची बरीचशी जमिनीखालून. टेल्स्ट्रा आणि रुपर्ट मर्डॉक यांची न्यूज लिमिटेड हे दोघे फॉक्सटेल या पैसे भरून पाहायच्या टीव्ही सेवेत भागीदार होते. केबल तर घरापर्यंत आली, पण तिच्यातून दाखवायचे काय? सिडनीकराला पैसे मोजायला लावील असा एकच खेळ होता, आणि त्याचे हक्क दुसऱ्या गोटात होते. त्या, म्हणजे ऑप्टसच्या, गोटातले बडे नाव होते टीव्हीमालक केरी पॅकर यांचे. होय, तेच पॅकर, ज्यांनी 1977 मध्ये क्रिकेटपटू पळवून जगभरच्या क्रिकेट मंडळांची झोप उडवली होती. अठरा वर्षांनी ते प्रस्थापितांच्या बाजूने परंपरेच्या रक्षणाला उभे राहिले. आपल्याकडे ज्यांच्या घरी स्टारच्या वाहिन्या दिसत होत्या, त्यांना मर्डॉक हे नाव 1993 पासूनच ठाऊक होते. इथे फक्त त्यांचा दुसरा हात दिसतो.

पुढचा टप्पा घोडेबाजाराचा. तो सुट्टीच्या दिवशी उरकावा. मार्च 1995 च्या अखेरीस आणि 1 एप्रिलच्या शनिवार-रविवारी न्यूजच्या माणसांनी नव्या सुपर लीगसाठी खेळाडूंना गुपचूप गाठून करारांवर सह्या घेतल्या. तारीख एप्रिल फूलची असल्याने सोमवारी कुणी तक्रार केलीच, तर गंमत होती असे म्हणायची सोय राहते. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या क्लबचे माजी मुख्याधिकारी जॉन रिबॉट सुपर लीगचे प्रमुख झाले. जुन्या मंडळाचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन रग्बी लीगचे, केन आर्थरसन आणि जॉन क्वेल यांनीही हातावर हात ठेवले नाहीत. त्यांनी ऑप्टसच्या पैशावर आपल्या खेळाडूंना निष्ठेचा मोबदला वाटायला सुरुवात केली. निष्ठेला भाव फुटला की ती किती दृढ होते, हे पुढे दिसलेच. सिडनीतील कँटरबरी क्लबच्या चार नामांकित खेळाडूंनी सुपर लीगशी करार करून पुन्हा जुन्या मंडळाकडे उडी मारली आणि त्याच वर्षी कँटरबरीलाच विजेतेपद मिळवून देऊन मग ते पॅरामॅटाला गेले. एका वर्षात इतक्या ठिकाणी निष्ठावंत राहणे सोपे नसते.

आपले शत्रू चुका करतील, याचा मात्र भरवसा धरू नये. जुन्या मंडळाने सुपर लीगवाल्यांना 1995 च्या क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स मालिकेतून वगळले. ब्रिस्बेनचे तारे गेल्याने क्वीन्सलंडची अवस्था लग्नात नवरदेवच न आल्यासारखी झाली. त्यांचे प्रशिक्षक पॉल व्हॉटिन यांनी बहुतेक अनोळखी पोरे गोळा केली आणि मालिका 3–0 अशी जिंकली. आपण पळवलेल्या ताऱ्यांच्या किमतीचा हिशेब त्या आठवड्यात उघडू नये.

न्यायालयाला घाबरू नये, मात्र वकिलांची सोय आधी करावी. फेब्रुवारी 1996 मध्ये न्यायमूर्ती बर्चेट यांनी सुपर लीगला 2000 पर्यंत बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये अपिलात तो निर्णय फिरला. मधल्या काळात मोसमाच्या पहिल्या फेरीत फुटीर गोटातील बहुतेक क्लब मैदानातच उतरले नाहीत. प्रेक्षक आणि ऊन दोन्ही हजर होते, असे समजून चालावे.

एवढे सोसल्यावर 1997 चा हंगाम येतो. आपले दहा संघ, त्यांचे बारा, खेळ एकच, आणि दर आठवड्याला दोन गुणतक्ते. आपण पंचांना मदत म्हणून टीव्हीचा पंच आणावा, कारण टीव्हीसाठीच तर सगळे चालले आहे. जगभरच्या 22 क्लबांची विश्वस्पर्धा भरवावी. इंग्लंडचे संघ त्यात मार खातील. सेंट हेलन्सने उपांत्यपूर्व फेरीत ब्रिस्बेनकडून 66–12 असा खाल्ला, तसा.

आता न्यूकॅसलकडे या, कारण फुटीर लीगचे सगळे शास्त्र या एका कोळशा-पोलादाच्या गावात शिकता येते. तिथे नाइट्स हा क्लब 1988 पासून होता आणि तो जुन्या मंडळाला चिकटून राहिला. तेव्हा आपण त्याच गावात हंटर मरिनर्स नावाचा दुसरा क्लब काढावा. गावाचे मोठे मैदान मिळत नसेल, तर फुटबॉलचे एक लहान मैदान घ्यावे. एप्रिल 1997 मध्ये बीएचपी या खाण-पोलाद कंपनीने तिथला पोलाद कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. अशा वर्षी लोक नवा ब्रँड शोधत नाहीत, जुन्यालाच मिठी मारतात. पण हे बाजार सर्वेक्षणात येत नाही.

सप्टेंबरात आपला अंतिम सामना ब्रिस्बेनला थाटात झाला. ब्रॉन्कोजनी क्रोनुलाला 26–8 असे हरवले, स्टीव्ह रेनूफने तीन वेळा चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि मैदान भरलेले होते. आठच दिवसांनी सिडनीत जुन्या मंडळाच्या अंतिम सामन्यात नाइट्स आणि मॅनली 16–16 वर होते आणि घड्याळात फक्त काही सेकंद उरले होते. अँड्र्यू जॉन्सने अरुंद बाजूने धाव घेतली, चेंडू आत वळवून डॅरन अल्बर्टच्या हाती दिला, आणि तो पोरगा सरळ गोलखांबांकडे पळाला. 22–16. न्यूकॅसलने किती दिवस उत्सव केला, ते गावकऱ्यांकडूनच ऐकावे. त्याच गावातल्या आपल्या मरिनर्सनी ऑक्टोबरात विश्वस्पर्धेची अंतिम फेरी गाठली, ऑकलंडला जाऊन ब्रिस्बेनकडून 36–12 अशी हार पत्करली आणि त्यानंतर ते कधीच खेळले नाहीत. विश्व-उपविजेता आणि बंद दुकान ही दोन पदे एकाच वेळी भूषवणारा क्लब घडवणे सामान्य कारभाऱ्याला जमत नाही.

डिसेंबरात तह करावा. तहाच्या कागदावर दोघांनाही विजय मिळेल अशी भाषा असावी आणि जागा कमी पडतील अशी अट असावी. 1998 मध्ये वीस संघ एकत्र खेळले, पण 2000 पर्यंत चौदा उरायचे ठरले होते. पर्थचे रेड्स तहाबरोबरच गेले, अॅडलेड वर्षभराने. सेंट जॉर्जचे इलावाराशी आणि बालमेनचे वेस्टर्न सबर्ब्सशी लग्न लावले गेले. 1908 पासूनच्या साउथ सिडनीला बाहेर काढले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि 2002 मध्ये क्लब परत आला. नॉर्थ सिडनी बेअर्सचे मॅनलीशी जुळवलेले लग्न तीन वर्षांत मोडले आणि नवरी वरच्या स्तराबाहेर राहिली.

तेव्हा आपल्या चाहत्यांना धीर धरायला सांगावे. रेड्स बंद झाले 1997 मध्ये, बेअर्सची जागा गेली 1999 मध्ये, आणि आता 2027 पासून हे दोन्ही उरलेसुरले एकत्र शिजवून ‘पर्थ बेअर्स’ या नावाने वाढले जाणार आहेत. पर्थच्या ज्या गृहस्थांनी जुनी जर्सी माळ्यावर टाकली असेल, त्यांनी ती काढून ऊन दाखवावे. अस्वल नवे आहे, पण लाल रंग तेवढा जुळतो.