जंतूंचा लातूर पॅटर्न

शेड टाकलंय, कोंबडीची पाच हजार पिल्लं उतरलीत, भाताचा तूसही पसरून झालाय. मग जोडधंदा म्हणून जंतूंचा क्लास काढायला काय हरकत आहे? मराठवाड्याच्या पोरांना जमतं ते आतड्यातल्या ई. कोलाय जंतूला का जमू नये?

एक पथ्य मात्र पाळा. अँटिबायोटिकचा डोस भरपूर द्यायचा नाही. भरपूर दिला तर सगळेच जंतू मरतील, मग बाकावर बसवणार कोणाला? खाद्यात चिमूटभर टाका, रोज टाका, पिल्लू ठणठणीत असलं तरी टाका. रोजची चाचणी म्हणा ना. कच्चे गळतात, रँकवाले उरतात, आणि पोषक वातावरण मिळालं की वीस मिनिटांत दुप्पट होतात.

खरी मौज नोट्सची. औषधाला पुरून उरायची युक्ती बऱ्याचदा डीएनएच्या छोट्याशा कड्यावर असते. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. त्याची झेरॉक्स ई. कोलाय साल्मोनेला या दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा देतो, जात न विचारता. (आपल्याकडे एवढं कोणी पुढारलेलं नाही.) कोलिस्टिन हे अँटिबायोटिक म्हणजे आयसीयूतलं अखेरचं हत्यार. त्यावरची अशी नोट 2015 मध्ये चीनमध्ये सापडली, डुकरांतल्या जंतूंत. आपल्याकडे पिल्लांचं वजन वाढावं म्हणून तेच चारलं जायचं, 2019 च्या जुलैत सरकारने बंदी घालेपर्यंत. नाउमेद होऊ नका, क्लासचा सिलॅबस मोठा आहे. सुपरवायझर बिनलेबलची पुडी देईल, म्हणेल, ‘टॉनिक हाय, कायबी होत नसतंय.’ नाव विचारू नका, पाण्याच्या टाकीत ओता आणि त्याच हाताने तंबाखू मळा.

रस्सा रटरटला की जंतू मरतात, हे खरं. पण हात, खोरं, कोंबडखत कोण उकळतो? बॅच उचलली की ते खत आल्याच्या रानात टाका, विद्यार्थी गावभर होतील. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही या संशोधकाने कोंबड्यांना टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचं खाद्य घातलं, तर काही महिन्यांत फार्मवरच्या माणसांच्या पोटातही तसेच पक्के जंतू निघाले. हे 1976 साली छापून आलंय. युरोपियन संघाने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स 2006 पासून बंद केली. त्यांना क्लासच चालवता येत नाही, दुसरं काय!

मग कधीतरी आजीला उन्हाळी लागेल, ताप उतरणार नाही, लघवीचा कल्चर रिपोर्ट येईल. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे आर, आर, आर, खालपर्यंत आर. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू या औषधाला दाद देत नाही. मोठ्या अक्षरांत फ्लेक्स छापून घ्या, आजीच्या फोटोसकट, आणि शेडच्या फाटकावर लावा.