'सीआरपी वाढला, स्टेरॉईड सुरू करा': हा सल्ला जिवावर बेतू शकतो

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, व्हॉट्सॲपवर एक सल्ला जोरात फिरला. तापाची साथ आली की तो अजूनही डोकं वर काढतो: 'ताप आल्या दिवशीच सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन करून घ्या. आकडे वाढले असतील तर आजार गंभीर, लगेच स्टेरॉईड सुरू करा. नॉर्मल असतील तर निर्धास्त राहा.' या तिन्ही रक्तचाचण्या: सीआरपी शरीरातला दाह दाखवतो, डी-डायमर रक्ताच्या गुठळ्यांचा माग देतो आणि फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन, तेही दाहात वाढतं.

'आकडे वाढले म्हणजे आजार गंभीर.' सीआरपी यकृतात तयार होतो आणि शरीरात कुठेही दाह झाला की काही तासांत वाढू लागतो, मग ते दाताचं गळू असो की न्यूमोनिया. डी-डायमर वयानुसार वाढतो, गरोदरपणात आणि ऑपरेशननंतरही वाढतो. रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये हे आकडे जास्त असणाऱ्यांचे मृत्यू अधिक झाले, हे खरंच आहे. पण घरी असलेल्या, नीट जेवणाऱ्या, दम न लागणाऱ्या माणसाचं पुढे काय होणार, हे त्यावरून ठरवता येत नाही.

त्यात एककांचा घोळ. एका लॅबच्या कागदावर सीआरपी ४८, दोन दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये ४.८. घरच्यांना हायसं वाटतं. पण पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे सीआरपी जिथल्या तिथेच आहे. डी-डायमरही एफईयू किंवा डीडीयू अशा दोन एककांत येतो आणि आकडा साधारण दुप्पट-निमपट होतो. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय दोन रिपोर्ट ताडून पाहूच नका.

'नॉर्मल असतील तर निर्धास्त.' मला हे वाक्य सगळ्यात घातक वाटतं. कोविडमध्ये प्रकृती बिघडायची ती बहुधा पहिला आठवडा संपता संपता. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टवर आठव्या दिवसाचा भरवसा कसा ठेवणार? त्यापेक्षा बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातच सहा मिनिटं चाला. ऑक्सिजन ९४च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनहून जास्त अंकांनी उतरला, तर रक्ताचे रिपोर्ट कितीही चांगले असोत, डॉक्टरांना गाठा. बोटं गार असतील किंवा नखांना नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो. नख साफ करून, हात चोळून पुन्हा बघा.

'लगेच स्टेरॉईड.' ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषधचाचणीत २०२० साली कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांऐवजी २९.३ टक्के झाले. ऑक्सिजनवरच्यांनाही फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. तेव्हाचे एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही मे २०२१मध्ये सांगितलं होतं की सौम्य आजारात या रक्तचाचण्यांची गरज नाही आणि लवकर घेतलेल्या स्टेरॉईडने विषाणूला वाढायला वाव मिळतो. शिवाय स्टेरॉईडने साखर भडकते. त्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीच्या आजाराने) कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले. त्यांत मधुमेही आणि स्टेरॉईड घेतलेले रुग्ण फार होते.

सीआरपी निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. रिकव्हरीतच टोसिलिझुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधासाठी रुग्ण निवडताना तो ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा जास्त असावा अशी अट होती, पण सोबत ऑक्सिजन कमी झालेला असणंही तितकंच बंधनकारक होतं.