उलटीनं केमोचं विष बाहेर पडत नाही

माझ्या आत्तीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता दर पंधरवड्याला केमो. तिसऱ्या केमोनंतर तिनं उलटीच्या गोळ्या उशाखाली सरकवल्या. कारण शिवाजी पेठेतल्या आमच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘केमोची उलटी म्हणजे विष बाहेर पडतंय, गोळीनं अडवू नका. बर्फ घालून आलं-लिंबाचा रस घ्या. आलं केमोपेक्षा दहा हजार पट भारी.’ दोन दिवसांत पोटात पाणी ठरेना, सलाइन लावावं लागलं. मेसेज पुढं ढकलणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

विष बाहेर पडतं म्हणे! आत्तीचं औषध शिरेतून थेट रक्तात जातं, ते उलटीतून कसं पडेल? केमोमुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि उलटीचा निरोप मेंदूला पोचतो. ऑन्डान्सेट्रॉनची गोळी तो निरोप अडवते, केमोचं काम अडवत नाही. उलटीतून गेलं ते पाणी, क्षार आणि कसेबसे खाल्लेले दोन घास. माणूस असा गळाला की पुढची केमो लांबते. नुकसान तिथं आहे.

आणि बर्फ? तिच्या केमोत ऑक्झालिप्लॅटिन आहे. ते दिल्यावर काही दिवस गार पाण्यानंही घसा आवळल्यासारखा होतो, श्वास कोंडल्यासारखं वाटतं, बोटांना मुंग्या येतात. फ्रीजमधल्या वस्तूंना हात लावू नका, असं सिस्टरनी बजावलं होतं. तिला तुम्ही बर्फ पाजायला सांगता?

दहा हजार पट म्हणजे 2015 चा प्रयोगशाळेतला प्रयोग, तोही स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर. माणसावर नाही, आतड्याच्या कॅन्सरवर नाही.

आल्यानं मळमळ थोडी कमी होते, एवढं मानते. 2012 साली अमेरिकेत 576 रुग्णांवरच्या अभ्यासात तसं दिसलं. पण त्यांची उलटीची औषधं चालूच होती! गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हेही खरं. ते डॉक्टरांना सांगा, गोळी बंद करू नका.

गोळ्यांवर विश्वास नसेल तर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा 2024 चा अभ्यास बघा, ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ऑक्झालिप्लॅटिनसारखी केमो घेणारे पाचशेहून जास्त रुग्ण. नेहमीच्या औषधांवर शंभरातल्या 82 जणांची उलटी-मळमळ आटोक्यात राहिली. जोडीला ओलान्झापिन ही गोळी दिलेल्यांत 91 जणांची.

चौथ्या केमोला डॉक्टरांनी आत्तीलाही ती ओलान्झापिनची गोळी रात्री घ्यायला दिली. झोप जरा जास्त येते. पण तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून पांढरा रस्सा मागितला, आणि अर्धी वाटी पोटात राहिला.