परदेशाचा दाखला देणाऱ्या भावास

आमच्या ओळखीतल्या एका गृहिणीला रिक्षाच्या धडकेत पाय गमवावा लागला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने तिच्या घरकामाचे मोल धरून भरपाई मंजूर केली. यावर माझ्या चुलत भावाने घरच्या गटावर लिहिले की, जी बाई कमावतच नव्हती तिचे बुडाले काय, न्यायाधीश मनाला येईल तो आकडा लिहितात, परदेशात असले लाड नसतात. इतकी वर्षे ऑकलंडमध्ये राहून परदेशाबद्दलचे ज्ञान मला सोलापुरातून मिळावे, याची चीड आली.

आकडा मनाला येईल तो नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणायचे तो, ठरवून दिले आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालाने भावी उत्पन्नवाढीचे प्रमाण ठरवले. महिना 12,000 रुपये मिळवणारा 38 वर्षांचा सुतार घ्या: वर्षाचे 1,44,000, त्यावर 40 टक्के वाढ धरून 2,01,600, गुणक 15, म्हणजे 30,24,000 रुपये. त्याचा डावा हात गेला आणि डॉक्टरांनी 60 टक्के अपंगत्व लिहिले, म्हणून या रकमेचे 60 टक्के देऊन त्याची बोळवण करता येत नाही. 2010 च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे की, हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान वेगवेगळे मोजायचे. उपचार, मदतनीस आणि वेदना यांची रक्कम निराळी. गृहिणीच्या श्रमालाही आर्थिक मूल्य आहे, हे त्याच न्यायालयाने 2021 मध्ये कीर्ती प्रकरणात पुन्हा बजावले.

आता परदेश. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघाताच्या इजेबद्दल भरपाईचा दावाच लावता येत नाही. चूक कोणाची हे न विचारता एसीसी ही सरकारी अपघात भरपाई संस्था उपचारांचा खर्च उचलते, बुडालेल्या कमाईच्या 80 टक्के दर आठवड्याला देते, आणि आम्ही ते पैसे पेट्रोल व रेगो, म्हणजे गाडीच्या वार्षिक नोंदणी शुल्कामधून निमूटपणे भरतो. वकील नाही, तारखा नाहीत; याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी भावाला अनेकदा ऐकवला आहे. परंतु मुले लहान असताना माझी पत्नी घरी होती. त्या काळात तिचा पाय मोडला असता, तर शस्त्रक्रिया, फिजिओ आणि घरकामाला माणूस मिळाला असता. आठवड्याची भरपाई मात्र शून्य, कारण कमाई शून्य. भावाचे म्हणणे इथे तेवढे खरे ठरते, आणि म्हणूनच मला ते अधिक झोंबते.

त्याने न्यायाधिकरणाच्या दिरंगाईवर किंवा दाव्याच्या मुदतीवर बोट ठेवले असते, तर मी मुकाट्याने मान्य केले असते. पाय गमावलेला माणूस दवाखान्यातून सुटण्याआधी कागदपत्रे कोठून जमवणार? तरीही मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातलीच.

'तू इथे राहत नाहीस, तुला काय त्याचे?' असे तो शेवटी म्हणाला. माझी आई आजही सोलापुरातल्या सात रस्त्यावरून भाजी आणायला पायी जाते. तिला काही झाले, तर एसीसी तिच्या कामाची नाही. तिचा हिशोब तिथल्याच न्यायाधिकरणात होईल, आणि ती घरात काय काय करत होती याची साक्ष द्यायला मी नव्हे, हाच भाऊ उभा असेल.